घंटेआधी काढलेलं दूध

१

वडील गेले त्या पहाटे आमची गायही गेली.

आधी वडील. दिवा विझत आला होता. सेव्हर्न नदीवरचं धुकं खिडकीच्या फटीतून आत येत होतं. त्यांचा हात माझ्या हातात होता. हात तसाच राहिला, वडील त्यात राहिले नाहीत, एवढंच मला कळलं. पलंगाच्या पायथ्याशी माझा चुलतभाऊ जर्व्हस उभा होता. त्याने टोपी काढली आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, जिवाला बाहेर जायला वाट म्हणून, खिडकी सताड उघडली. मग डोळे पुसत म्हणाला, "चर्चची घंटा वाजवायला सांगून येतो, सिसली."

मी बसून राहिले. उजाडलं. उजेड समोरच्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरला आणि पलंगाच्या खांबापाशी आला, तेव्हा कुठे घंटा वाजली. चर्च काही लांब नाही. पण दुःखात वेळ ताणला जातो असं मी पुष्कळ पुस्तकांतून वाचलं होतं. मला वाटलं, तेच असेल.

पाणी आणायला खाली गेले तर गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं. बैल रवंथ करत होते, म्हातारी गाय झोपली होती. चेरीची जागा रिकामी होती. चेरी आमची तांबडी गाय, वडिलांनी हाताने चारून वाढवलेली. तिच्या जागेवर, स्वच्छ फडक्याने झाकलेली, दुधाने भरलेली बादली होती. फडकं उचललं. वर दाट पिवळी साय आली होती.

"ताई, मी नाही हो काढलं दूध," आमची मोलकरीण मार्जरी दारातून म्हणाली. "मी रात्रभर चुलीपाशीच होते."

दुपारी जमीनदारांचे कारभारी, स्केल्टन, आले. मी त्यांना बसायला बाक दिला. वडिलांची खुर्ची दिली नाही.

"वाईट झालं. ॲम्ब्रोज वेदरबी भला माणूस," ते म्हणाले. "बरं, जनावर?"

"अजून माती व्हायची आहे, साहेब."

"मातीला पाद्री आहेत. मी जनावरापुरता." त्यांनी हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले. "रिवाज तुला माहीत आहे. जमीन हातात असताना कूळ मेलं, की त्याच्या गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर मालकांचं. तुझ्या वडिलांना मुलगा नाही, म्हणजे घर, मळा, कुरण, सगळं तुझ्याकडे येतं. पण आधी जनावर, मग नाव."

"चेरी नाही गोठ्यात. पहाटेपासून नाही."

ते हसले. "वा. मेलेल्याचा हात गार व्हायच्या आधी?"

"मी लपवली नाही."

"असं सगळेच म्हणतात, बाई. गुरुवारी कचेरी भरेल. तोवर ती गाय मला दिसली नाही, तर मी तुझं नाव पुकारणार नाही. मालकांना फसवणाऱ्याला मालक जमीन देत नाहीत." उठता उठता त्यांनी आमच्या छताच्या तुळयांवरून नजर फिरवली, विकत घ्यायला आलेल्या माणसासारखी.

२

गावाची कोतवालकी दरवर्षी एकेका घराकडे फिरते. त्या वर्षी ती जेरोम टॅन्सीच्या दारूच्या गुत्त्याकडे आली होती, आणि ती मिळाल्यापासून जेरोमकाका आधीपेक्षा जास्त झोपतात असं लोक म्हणत. ते आले, गोठ्यात उलट्या बादलीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"झोपलात का काका?"

"नाही गं पोरी. उघड्या डोळ्यांना फार दिसतं. त्या गर्दीत गाय हरवते." डोळे न उघडता त्यांनी मार्जरीला विचारलं, "तुझा कोणी यार-बीर आहे का, गायी हाकणारा?"

"असता तर मी इथे तुमचं पोट बघत उभी राहिले असते होय?"

"बरोबर आहे. ही नाही." ते खुशीत हसले. "आता बघ. अवजारं जागेवर, बैल जागेवर. एकच गाय नेली, आणि नेण्याआधी तिचं दूध काढलं. चोर दूध काढत बसतो का? आणि काढलंच, तर टाकून जातो?"

"सड तटलेले असले की चालताना ती हंबरते," मी म्हटलं.

"हंबरू नये म्हणून, किंवा तिला दुखू नये म्हणून. दोन्हीला गायीची ओळख लागते."

जर्व्हस शवपेटीच्या सुताराकडून आला होता. डोळे सुजलेले. धाकट्या भावाचा हा मुलगा वडिलांनी लहानपणापासून सांभाळलेला. जमिनीवर त्याचा हक्क नव्हता, पण आमच्या टेबलावर त्याची जागा होती.

"घंटेवाल्याकडे सरळ गेलास?" जेरोमकाकांनी विचारलं.

"धुक्यात जितकं सरळ जाता येतं तितकं."

कुंपणावर रेलून शेजारचे हंफ्री डॅग हे सगळं ऐकत होते. ओढ्याकाठच्या आमच्या कुरणावर त्यांचा कितीतरी वर्षांचा डोळा.

"माझ्याकडे काय बघता, कोतवाल?" ते म्हणाले. "मला वेदरबींचं कुरण हवंय, गाय नको. ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण या गावात माणूस मेला की आधी चांगलं जनावर रानात जातं आणि मग लोक रडायला बसतात, हे तुम्हाला नवीन आहे का?"

"छे! माझ्या बापाच्या वेळी मीच घोडी लपवली होती. शहाणा एकटा म्हातारा पर्किन. जिवंतपणीच त्याने काडी देऊन जमीन मुलाच्या नावाने केली. मेला तेव्हा त्याच्या हाती वीतभर जमीन नव्हती. कारभारी दारातून मोकळ्या दाव्याने परत गेले. म्हातारा वरून हसला असेल."

सगळे हसले. मीही हसले असेन. ते दिवस मला पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात.

हंफ्री आणि जर्व्हस गेल्यावर जेरोमकाकांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच. बादलीतली साय बोटावर घेतली आणि चाखली.

"घंटा वाजली तेव्हा तू कुठे होतीस?"

"वरच. त्यानंतर लगेच खाली आले."

"आणि साय?"

"ही अशीच होती. दाट."

त्यांनी फडकं पुन्हा बादलीवर टाकलं. मला माझ्याच बोलण्याचा अर्थ उशिरा कळला. साय इतकी दाट यायला दूध निवांत राहावं लागतं. म्हणजे वेळ खरोखरच गेला होता, माझ्या दुःखाने ताणला नव्हता. घंटेच्या कितीतरी आधी कोणीतरी इथे बसून दूध काढलं होतं. आणि घंटेआधी वडील गेल्याचं जगात तिघांनाच माहीत होतं. मी, मार्जरी, आणि...

"नाव घेऊ नकोस," जेरोमकाका म्हणाले. "गाय अजून सापडायची आहे."

३

सोमवारी वडिलांना पुरलं. परत आल्यावर लोकांना जेवण दिलं. पाव, चीज, जवाची बिअर. शेजाऱ्यांनीही काही ना काही आणलं होतं. मी कोणाशी काय बोलत होते ते मला आठवत नाही. मार्जरीने माझ्या हातात पावाचा तुकडा दिला, लोणी लावून. मी खाल्ला, आणि मला वडील दिसले.

वरच्या मळ्यात पिवळी रानफुलं येतात. चेरी ती खाते आणि तिच्या लोण्याला त्यांचा वास येतो, किंचित मधाचा. आजारपणात वडिलांच्या तोंडाला तेवढं एकच चवीचं लागत होतं. ती चव त्यांच्या मातीच्या जेवणात माझ्या जिभेवर होती.

"हे लोणी कोणी आणलं?" मी हळूच विचारलं.

जेरोमकाका खुर्चीत डोळे मिटून होते. त्यांच्याही हातात पाव होता. "हंफ्री," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लोणी फक्कड आहे. तुझ्या गायी कधी व्यायल्या रे?"

"पुढच्या महिन्यात वितील."

"म्हणजे आत्ता आटलेल्या. मग हे बाजारातलं असेल."

"हो, हो. शनिवारच्या बाजारातलं."

"शनिवारी धुक्याने बाजार भरलाच नाही."

हंफ्रींच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की बाकी पुराव्याची गरज उरली नाही.

ओढ्यापलीकडे दुसऱ्या जमीनदाराची हद्द लागते. तिथे हंफ्रींची मेंढरांची झोपडी आहे. आम्ही पोचलो तेव्हा धुकं पुन्हा उतरत होतं. मी हाक मारली. बराच वेळ नुसतं पांढरं होतं. मग त्या पांढऱ्यात तांबडं काहीतरी उमटलं, मोठं झालं, आणि चेरीने ओलं नाक माझ्या तळव्यात घातलं. वडील गेल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

"मीच नेली," मागून जर्व्हस म्हणाला. "आता बोला. काका गेले आणि मला वाटलं, ही गाय त्या स्केल्टनच्या दावणीला? मेलो तरी नाही! ओढ्यातून आणली आणि हंफ्रीकाकांना म्हटलं, चार दिवस ठेवा. सिसली, तुझ्यासाठी गं."

मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसू लागले. प्रत्येकाने कधी ना कधी हेच केलेलं. हंफ्रीही हसत म्हणाले, "लोणी करायला नको होतं. बायको हावरट."

निरोप मिळताच आलेल्या कारभाऱ्यांनी चेरीच्या शिंगाला मालकांची खूण बांधली आणि कचेरीपर्यंत तिला आमच्याच गोठ्यात ठेवलं. "गुरुवारी तुझं नाव पुकारतो," ते नाराजीने म्हणाले.

घर वाचलं होतं. मी जर्व्हसला जवळ घेतलं. तो लाकडासारखा उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

जेरोमकाका मात्र हसत नव्हते. ते गायीकडे बघत होते, डोळे टक्क उघडे ठेवून.

४

कचेरी जमीनदारांच्या जुन्या दिवाणखान्यात भरते. कारभाऱ्यांच्या हातात पांढरी काठी असते. त्यांनी धरलेल्या काठीचं दुसरं टोक ज्याने धरलं, जमीन त्याची.

"ॲम्ब्रोज वेदरबी वारला," स्केल्टननी पुकारलं. "त्याच्या जमिनीवर ज्याचा हक्क असेल त्याने पुढे यावं."

मी पुढे गेले. हात काठीपासून वीतभर लांब होता.

"थांबा," हंफ्री डॅग म्हणाले.

त्यांनी टोपी काढली. टोपीच्या पट्टीतून गव्हाची एक काडी काढली आणि टेबलावर ठेवली.

आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कचेरीत येता येत नाही. म्हणून तो दोन कुळांना घरी बोलावतो, त्यांच्या हातात एक काडी देतो आणि म्हणतो, माझी जमीन अमक्याला द्या. काडी हातातून सुटली त्या क्षणी जमीनही सुटली. लिहावं लागत नाही.

"ॲम्ब्रोजने मरणाआधी, बुधवारी दुपारी, मला आणि माझ्या भावाला ही काडी दिली," हंफ्री म्हणाले. "पुतण्या जर्व्हसच्या नावाने."

"दिली," त्यांचा भाऊ आयझॅक म्हणाला. हंफ्री जे म्हणतील त्याचा शेवटचा शब्द म्हणायची त्याला सवय आहे.

"मुलगी कुठे होती?"

"घरी नव्हती."

"नव्हती," आयझॅक म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खरंच नव्हते. त्या संपूर्ण आजारपणात मी वडिलांपाशी नव्हते ती तेवढी एक दुपार. आणि त्यांनीच मला पाठवलं होतं. "वरच्या मळ्यातल्या नाशपातीला बहर आलाय का, बघून ये," असं म्हणाले होते. "सावकाश जा. घाई करू नकोस." मी गेले. बहर आला होता. एक फांदी तोडून आणली आणि त्यांच्या उशाशी ठेवली.

सावकाश जा. घाई करू नकोस.

घराचं मला काही वाटेनासं झालं. मला फक्त तो आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजाला दुसराच अर्थ येत होता.

"जर्व्हस, तू होतास तिथे?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"होतो. पलंगापाशीच. काकांनी माझ्याकडे बघत काडी दिली." तो जमिनीकडे बघत बोलत होता.

मागच्या बाकावरून मार्जरी उठली. चेहरा लालबुंद. "मला बोलायचंय."

"तू कूळ आहेस?"

"मोलकरीण आहे."

"मग खाली बस."

५

स्केल्टननी काडी उचलली. उजेडात धरली. काडीसारखी काडी, तिच्यावर काय दिसणार? "दोन कुळांचा शब्द आहे," ते म्हणाले. "जर्व्हस वेदरबी, पुढे ये. काठी धर."

जर्व्हस पुढे आला. हंफ्रींनी त्याला कोपराने ढोसलं. "गायीचं बोल की."

"हां. ती गाय, साहेब," जर्व्हस म्हणाला. "बुधवारपासून जमीन माझी. काका शनिवारी गेले तेव्हा त्यांच्या हाती काहीच नव्हतं. मग जनावर लागू होत नाही. शिंगावरची खूण सोडा."

"पर्किन म्हाताऱ्यासारखंच," हंफ्रींनी जोड दिली. "शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

कारभाऱ्यांचा चेहरा आंबट झाला. एवढ्यात कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज थांबला.

"शेंबड्या पोरालाही ठाऊक," जेरोमकाका डोळे मिटूनच म्हणाले. "जर्व्हस, तुलाही ठाऊक होतं?"

"होतं की."

"बुधवारी तू पलंगापाशी होतास. जमीन तुझी झाली, ते तू बघितलंस."

"किती वेळा सांगू?"

"मग बाळा, शनिवारी पहाटे गाय कोणापासून लपवलीस?"

मला आठवतं, त्या दिवाणखान्यात एक माशी होती. जर्व्हसची नजर तिच्यामागे फिरली.

"कारभाऱ्यांचा काय भरवसा..." जर्व्हस म्हणाला.

"पर्किनच्या दारातून हेच कारभारी मोकळे गेले. सारा गाव बघत होता. नाही. जो मेला त्याच्या हाती जमीन होती असं ज्याला वाटतं, तोच जनावर लपवतो. काका गेले. तू खाली आलास, रडत असशील. हातांनी ते केलं जे आपल्या सगळ्यांचे हात करतात. दूध काढलंस, वर फडकं टाकलंस, घंटेलासुद्धा उशीर केलास. तेव्हा काडीबिडी काही नव्हतं. असतं तर तू सरळ चर्चला गेला असतास." त्यांनी डोळे उघडले आणि हंफ्रींकडे वळवले. "आणि हंफ्री, तू! बुधवारी काडी तुझ्या या हातात पडली म्हणतोस. शनिवारी हा ओला होऊन गाय घेऊन तुझ्या दारात आला. तू का नाही म्हणालास, 'अरे वेड्या, परत ने, ती तुझीच आहे'? का चार दिवस ठेवून लोणी काढलंस?"

हंफ्रींनी टोपी डोक्यावर चढवली.

"मी सांगतो. गाय बघितल्यावर तुला सुचलं. हा भोळा आहे, ही पोर एकटी आहे, आणि मध्ये तुला हवं ते कुरण. कुरणाच्या बदल्यात साक्ष. काडी काय, तुझ्या झोपडीत ढीगभर पडल्यात."

"आयझॅक?" कारभारी म्हणाले.

आयझॅकने भावाकडे बघितलं. भावाने काहीच म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्याला म्हणायला शेवटचा शब्द मिळेना. तो रडायला लागला.

जर्व्हस माझ्याकडे वळला. त्या पहाटेनंतर पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं. "सिस, गाय मी खरंच तुझ्यासाठी नेली होती," तो म्हणाला. "ते खरं होतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. कारण मला माहीत होतं. त्याच्या हातून झालेलं तेवढं एकच चांगलं काम त्याच्यावर उलटलं होतं.

स्केल्टननी काडीचे दोन तुकडे केले आणि हसत काठी माझ्यापुढे धरली. त्या हसण्यात न्याय किती आणि गाय किती, हे मी विचारलं नाही. मी टोक धरलं.

६

कारभारी गडी पाठवणार होते. मी म्हटलं, मीच आणून देते. निघण्याआधी चेरीचं दूध काढलं, वाटेत दुखू नये म्हणून. मार्जरी सोबत आली.

अर्धी वाट गेल्यावर मी विचारलं, "कचेरीत काय सांगणार होतीस गं?"

तिने मागे वळून बघितलं. "शपथ घातली होती मालकांनी, तुमच्या वडिलांनी."

"ते आता नाहीत."

"त्या बुधवारी कोणी आलं नव्हतं, ताई. कोणाला येताच आलं नसतं. दाराला आतून अडसर होता." तिने चेरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच बघत राहिली. "मालकांकडून अंथरूण खराब झालं होतं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. मला खुणेने बोलावलं आणि म्हणाले, 'आधी सिसलीला बाहेर पाठवतो.' मग ते नाशपातीचं निमित्त. मी त्यांना पुसलं, चादर बदलली, लव्हेंडरच्या सुवासिक फुलांत ठेवलेली नवी घातली. सारखे म्हणत होते, 'झालं का? ती येईल, झालं का?'"

चेरी थांबली, कडेचं गवत तोंडात घेतलं. आम्हीही थांबलो.

मला ती संध्याकाळ आठवली. मी फांदी घेऊन आत आले तेव्हा खोलीत छान वास येत होता. वडील पांढऱ्या चादरीत ताठ पडून होते, पाहुण्याची वाट बघत असल्यासारखे. "आलाय का बहर?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, आलाय. वास फांदीचाच आहे असं मला वाटलं होतं.

जमीनदारांच्या फाटकापाशी मी दावं कारभाऱ्यांच्या हातात दिलं. चेरी एकदा मागे वळली, मग गेली.

"तू हो पुढे," मी मार्जरीला म्हटलं आणि वरच्या मळ्यावरून परत आले. नाशपातीचा बहर गळायला लागला होता. खालचं गवत पांढरं झालं होतं. मी पुष्कळ वेळ उभी राहिले.

या वेळी मला कोणी बघायला पाठवलं नव्हतं.